पॅड, कापड की कप? आधी मोरीत पाणी आहे का ते पाहू

पाळीच्या दिवसांत काय वापरावं, याबद्दल दोन प्रकारची माणसं मोठ्यानं बोलतात. टीव्हीवरच्या जाहिरातीतली मुलगी पांढरी पॅन्ट घालून उड्या मारते आणि सांगते, आमचं पॅड घ्या. पर्यावरणवाले सांगतात, पॅड म्हणजे प्लास्टिक, ते सोडा आणि कप घ्या. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे. पण जिला दर महिन्याला ते चार-पाच दिवस काढायचे असतात, तिच्या घरात मोरीला कडी आहे का, नळाला पाणी किती वेळ येतं, कपडे वाळत घालायला गच्ची आहे का, हे दोघंही विचारत नाहीत. माझ्या मते निवड तिथूनच सुरू होते.

मी नाशिकमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात दोन भाषा असल्या की एकाच गोष्टीला दुप्पट शब्द मिळतात. उर्दूत हैज, माहवारी. मराठीत पाळी, विटाळ, कावळा शिवणे. पण मुलींच्या तोंडी यातला एकही शब्द नसतो. ‘बाजी, तबियत ठीक नाही,’ ‘मला नमाज माफ आहे,’ ‘ते झालंय.’ शब्दच टाळला की त्याच्या पुढचा प्रश्नही अडतो. ज्या मुलीला ‘पाळी’ म्हणता येत नाही, ती ‘हे पॅड मला टोचतं, दुसरं काही मिळेल का?’ असं कोणाला विचारणार? मग अम्मीनं जे वापरलं तेच ती वापरते. कुठे ते पॅड असतं, कुठे जुन्या ओढणीचा तुकडा.

आपल्यात हा विषय दबून बोलायचा, असं समजलं जातं. पण आपल्या फिक्हच्या किताबांत ‘किताबुल हैज’ हे वेगळं प्रकरण आहे आणि त्यात ‘कुरसुफ’ हा शब्द येतो. कुरसुफ म्हणजे कापूस, बायका त्या दिवसांत वापरत तो. मदिनेतल्या बायका हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे डबीत हा कापूस पाठवून विचारत, की आता पाक झालो का? आणि त्या सांगत, घाई करू नका, पूर्ण पांढरं दिसेपर्यंत थांबा. एका बाईनं तर थेट प्रेषितांनाच (स.) विचारलं, हैज संपल्यावर गुस्ल कसं करायचं? त्यांनी कस्तुरीचा सुगंध लावलेला तुकडा घेऊन स्वच्छता करायला सांगितलं. तिला नीट समजलं नाही, तेव्हा हजरत आयेशांनी तिला जवळ ओढून समजावलं. लाजेपोटी दीन शिकायला मागे राहिल्या नाहीत, म्हणून अन्सारच्या बायकांचं त्यांनी कौतुक केलं आहे. चौदाशे वर्षांपूर्वी जे विचारता येत होतं, ते आज जुन्या नाशकातल्या मेडिकल स्टोअरमध्ये कुजबुजत मागावं लागतं आणि काळ्या पिशवीत घालून आणावं लागतं. ही लाज दीनमधून आलेली नाही. ती आपण नंतर शिवून घेतलेली आहे.

तर आता एकेक वस्तू पाहू.

कापड. याला गावंढळ म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. सुती कापड मऊ असतं, घरात असतं, त्वचेला सोसतं. घडी घालून, बटण लावून शिवलेले कापडी पॅडही आता मिळतात आणि घरीही शिवता येतात. पण कापडाला तीन गोष्टी लागतात: साबण, भरपूर पाणी आणि ऊन. यातली तिसरी सगळ्यात अवघड, कारण ती लोकांना दिसते. म्हणून ते कापड परकराखाली, पलंगामागे, मोरीच्या कोपऱ्यात वाळतं. तिथे ते अर्धवट ओलं राहतं आणि खाज, पुरळ, जंतुसंसर्ग सुरू होतो. आजार कापडातून आला असं आपण म्हणतो. खरं तर तो लपवण्यातून आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते २४ वयाच्या सुमारे निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं. सर्वेक्षणाच्या हिशेबात मात्र कापड ‘स्वच्छ साधनां’त धरत नाहीत. उन्हात वाळवलेलं आणि अंधारात वाळवलेलं, दोन्ही एकाच रकान्यात जातं.

पॅड. त्याच सर्वेक्षणात सुमारे ६४ टक्के मुली सॅनिटरी नॅपकिन वापरतात असं दिसतं. शाळा, बस, कारखाना, दवाखाना, कुठेही सोपं. शिकवायला काही लागत नाही. पण चार ते सहा तासांनी ते बदलायला हवं, डाग पडला नसला तरीही. पैसे वाचवण्यासाठी एकच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवलं, तर मांड्या सोलवटतात आणि वास येतो. सुगंधी पॅडनं काहींना खाज सुटते. तशी सुटली तर बिनवासाचं घ्यावं. आणि ते संडासात टाकून पाणी ओतणं म्हणजे अख्ख्या वाड्याचा पाइप तुंबवणं. त्यातली जेल पाणी पिऊन फुगते.

टॅम्पॉन. आपल्याकडे फारच थोड्या जणी वापरतात. पोहणाऱ्या, खेळणाऱ्या मुलींना सोयीचं आहे, पण महाग पडतं. आठ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, हा नियम कडक पाळावा लागतो, नाहीतर क्वचित का होईना पण गंभीर आजाराचा धोका असतो.

कप. सिलिकॉनची छोटी वाटी. आत बसते, रक्त शोषत नाही, साठवते. आठ ते बारा तासांनी काढायची, रिकामी करायची, धुवायची, परत बसवायची. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी पाण्यात उकळायची. २०१९ साली लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे ३,३०० बायका-मुलींच्या अनुभवांचा आढावा आला. कप सुरक्षित आहे आणि गळतीच्या बाबतीत पॅडपेक्षा मागे नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पण पहिले दोन-तीन महिने हात बसायला लागतात. काढताना बुडाशी चिमटा घेऊन हवा सोडायची, नुसतं ओढायचं नाही. कॉपर-टी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण ओढताना ती सरकू शकते.

कपाचं नाव काढलं की आपल्या घरांत एकच भीती पुढे येते: मुलगी कुंवारी आहे, तिचं काय? म्हणून स्पष्ट लिहिते. तो पडदा प्रत्येक मुलीचा वेगळा असतो. काहींचा सायकल चालवताना, खेळताना ताणला जातो, काहींचा लग्नानंतरही तसाच राहतो. कोणत्याही तपासणीनं कुंवारपण सिद्ध होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली जाहीर सांगितलं आहे. मुलीची इज्जत तिच्या चारित्र्यात आहे, एका पातळ पडद्यात नाही. तरीही एखाद्या मुलीला किंवा तिच्या आईला कप नको वाटत असेल तर तो नको. जबरदस्ती कशाचीच नसावी, कपाची तर मुळीच नाही.

आता हिशेब. महिन्याला १२ पॅड धरले तर वर्षाला १४४. सहा रुपयांचं एक पॅड असेल तर ८६४ रुपये. घरात अम्मी आणि दोन मुली असतील तर २,५९२ रुपये. रोजंदारीच्या घरात एवढे पैसे बाजूला निघत नाहीत, आणि पहिली काटछाट नेहमी बाईच्या वस्तूवर होते. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून एका रुपयाला एक पॅड मिळतं. तेच तिघींचं वर्ष ४३२ रुपयांत निघतं. चारशेचा एक कप पाच वर्षं चालला तर वर्षाला ८० रुपये. हा हिशेब मी मुलींनाच मांडायला लावते. गणिताचा तास नसला तरी.

पण कागदावर स्वस्त असलेलं घरात परवडेलच असं नाही. जिथे आठ घरांना मिळून दोन संडास आहेत आणि बाहेर कोणीतरी दार वाजवतंय, तिथे कप काढून धुवायचा कसा? जिथे दिवसातून एकदाच पाणी येतं, तिथे कापड तीन पाण्यांत धुणार कशी? अशा घरातल्या बाईसाठी पॅड हाच शहाणपणाचा पर्याय आहे, आणि त्यासाठी तिला कोणी प्लास्टिकवरून सुनावू नये. उलट जिच्याकडे स्वतःचं न्हाणीघर आहे, पाणी आहे, गच्ची आहे, तिनं कप किंवा कापडाचा विचार जरूर करावा. कारण आपण टाकलेलं पॅड घंटागाडीतून पाथर्डीच्या खतप्रकल्पापर्यंत जातं आणि वाटेत ते कोणाच्या तरी हाताला लागतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली होती. ती नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळायचं. पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेनं त्यावर लाल ठिपका काढायला सांगितलं, म्हणजे हात लावण्याआधी कळेल. लाल पेनाचा एक ठिपका, एवढंच मागणं होतं त्यांचं.

कोणी म्हणेल, सोय ही चैन आहे. त्यांनी बीडकडे पाहावं. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. उसाच्या फडात संडास नाही, पाणी नाही, आडोसा नाही. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळी म्हणजे बुडालेली मजुरी, अंगावरून जाणं म्हणजे दवाखान्याचा खर्च. मग कोणीतरी सांगतं, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. तिशीतल्या बायकांनी हे केलं आहे. पॅड बदलायला आडोसा मिळत नाही म्हणून शरीराचा अवयव काढावा लागतो, त्या राज्यात सोयीला चैन म्हणणं मला मान्य नाही.

माझ्या वयाच्या बहिणींसाठीही एक गोष्ट. चाळिशीनंतर पाळी बिघडते, कधी पंधरा-पंधरा दिवस अंगावर जातं. हैजच्या मुदतीबाहेरचा हा रक्तस्राव इस्तिहाजा असतो आणि त्यात नमाज-रोजा माफ नसतो. कपडे पाक ठेवणं हा तेव्हा रोजचा प्रश्न होतो, आणि काय वापरायचं हा इबादतीचाही प्रश्न होतो. मसला आलिमा बाईंना विचारा, पण त्याआधी डॉक्टरकडे जा. तासाला पॅड भिजत असेल तर ते ‘वय झालं’ म्हणून सोसायचं दुखणं नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. पॅडवरचा १२ टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये गेला. त्याच वर्षी ८ मार्चला महाराष्ट्रात अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. चांगलंच होतं. पण शहरातल्या पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या, गरिबी तीच असलेल्या मुली तिच्या बाहेर राहिल्या. शिवाय योजना म्हटली की पॅड, एवढंच आपल्याकडे समीकरण आहे. केरळमध्ये आलप्पुळा नगरपालिकेनं २०१९ साली ५,००० कप मोफत वाटले, आणि वाटताना कसे वापरायचे ते शिकवलं. आपल्याकडेही वाटप करणाऱ्यांनी आधी विचारावं, बाई, तुला यातलं काय चालेल?

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक शाळेत मुलींच्या संडासाला कडी, पाणी, झाकणाचा डबा आणि कपाटात चार पॅड असावेत, आणि ते मागताना कारण सांगायला लागू नये. प्रत्येक अम्मीनं मुलीला पहिल्या पाळीच्या आधी सांगावं, नंतर नाही. अब्बांनी आणि भावांनी किराण्याच्या यादीत साबणाच्या खाली पॅड लिहावं आणि पारदर्शक पिशवीतून घरी आणावं. दहावीचा तीन तासांचा पेपर लिहिणाऱ्या मुलीचं अर्धं लक्ष आपल्या मागच्या डागाकडे असेल, तर आपण तिला दिलेली पुस्तकं, क्लास, दुआ, सगळं अर्धंच पोहोचतं.

आणि कापड वापरणाऱ्या बहिणींनो, या रविवारी ते गच्चीवर दोरीवर टाका, भर उन्हात, सगळ्यात पुढे. जो पाहील तो पाहील. ऊन अल्लाहनं सगळ्यांसाठी फुकट ठेवलं आहे.