घरजावई

आमच्या लॅपटॉपात दोन ग्राफिक्स कार्डं आहेत, हे रामवाडीला आणून खोकं फोडल्यावर मला कळलं. एक प्रोसेसरातच मुरलेलं, गरीब गाय. दिवसभर पडदा तेच ओढतं. दुसरं ‘डेडिकेटेड’, म्हणजे शुद्ध मराठीत घरजावई. वीज खायची, पंखा लावून बसायचं आणि कामाचं नाव काढलं की ‘बघू’! किमतीत मात्र त्यांचा मान वेगळा लावलेला.

पुतण्याने त्यावर लिनक्स घातलं. तो ब्लेंडरमध्ये गणपतीचे नमुने काढतो. (पेणला राहून दुसरं काय काढणार?) एका नमुन्याचं चित्र रंगून यायला अख्खी रात्र जायची आणि सकाळी कारखानदार दारात. “काका, जावई उठतच नाहीत हो!”

“फुकटचं असंच असायचं,” शेजारी म्हणाले. मला हे साफ नामंजूर आहे. कार्डाशी बोलायला ड्रायव्हर लागतो. कार्डाची भाषा करणाऱ्यांनीच पोटात ठेवली, तर मुकं लिनक्सला का म्हणायचं? लोकांनी बिचाऱ्यांनी एनव्हिडियाच्या कार्डांच्या हालचाली ताडून ताडून ‘नूव्हो’ नावाचा ड्रायव्हर लिहिला. 2012 साली फिनलंडमध्ये खुद्द लिनस टॉरव्हल्ड्स यांनी भर सभेत या कंपनीला बोट दाखवलं. कोणतं, ते घरच्या मंडळींत सांगवत नाही. 2022 मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नेलपुरता भाग खुला केला, वरचा झाकलेलाच.

आमचं घोडं निराळ्याच ठिकाणी अडलं. ड्रायव्हर बसला, पण ‘सिक्युअर बूट’ नावाचा रखवालदार त्याची सही ओळखेना. त्यासाठी ‘मशीन ओनर की’, म्हणजे मालकाची किल्ली नोंदवायची. चालू होताना निळा पडदा येतो, दहा सेकंद थांबतो, तेवढ्यात कळ दाबली नाही की निघून जातो. रामवाडीच्या स्टँडवर एसटीसुद्धा याहून जास्त थांबते हो! दोनदा मी चष्मा शोधत राहिलो.

पैसे मी मोजले, पावती माझ्या नावाची, आणि मी मालक आहे हे यंत्राला दहा सेकंदांत पटवायचं? गणपती नेताना कोणता कारखानदार विचारतो, पाट कुठल्या सुताराचा म्हणून?

तिसऱ्या खेपेला पुतण्याने कळ दाबली. तरी जावई आपण होऊन उठत नाहीतच. ब्लेंडरच्या सेटिंगात त्यांचं नाव निवडावं लागतं, इतर कामांना आधी ‘प्राइम-रन’ असं आमंत्रण.

काल चहा गाळेपर्यंत चित्र आलं. कारखानदारांनी ते निरखून पाहिलं. म्हणाले, “सोंड जरा डावीकडे घ्या.”