यूकेतील 'तातडीची नोकरी' : हे नवे वतन आम्हाला नको

'यूकेत तातडीने भरती, अनुभवाची गरज नाही, महिनाभरात व्हिसा, कुटुंबासह चला' अशा आशयाच्या जाहिराती गेली काही वर्षे आपल्या वस्त्यांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत आहेत. ज्या ग्रुपवर १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे निरोप येतात, त्याच ग्रुपवर हे एजंटही येतात. नावाआधी जयभीम लिहितात आणि खाली दर सांगतात. शिकलेली पण बेकार असलेली मुले, सरकारी भरतीची वाट पाहून वय उलटत चाललेले पदवीधर, खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मुली हे त्यांचे गिऱ्हाईक आहे. आपल्यात शिक्षण आले, पण नोकरी आली नाही, हे त्यांना आपल्या पुढाऱ्यांपेक्षा चांगले कळले आहे.

आम्ही परदेशी जाण्याच्या विरोधात नाही. पण 'ब्रिटनमध्ये कोणत्या नोकरीला मागणी आहे आणि ती लवकर कशी मिळेल' हा प्रश्नच अर्धवट आहे, असे आमचे म्हणणे आहे. मागणी कोणाला आहे, ती का निर्माण झाली आणि तिथे गेल्यावर आपण कोणाच्या ताब्यात असू, हे प्रश्न त्याआधी विचारले पाहिजेत. जो समाज पिढ्यान्‌पिढ्या 'मागणी असलेली' कामे करत आला, त्याने तरी हे विचारायलाच हवेत. गावाला मेलेले ढोर ओढणाऱ्याची मागणी नेहमीच होती. मागणी होती म्हणून त्याला मान किंवा मोल मिळाले, असे कधी झाले नाही.

मागणी आली कुठून?

ब्रिटनमध्ये म्हाताऱ्यांची आणि अपंगांची देखभाल हे फार मोठे क्षेत्र आहे. त्यांना उठवणे, आंघोळ घालणे, भरवणे, लंगोट बदलणे ही कामे करणाऱ्याला केअर वर्कर म्हणतात. या सेवेचा मोठा भाग तिथल्या स्थानिक संस्था खाजगी कंपन्यांकडून विकत घेतात. सरकारने वर्षानुवर्षे हात आखडता घेतला, म्हणून कंपन्यांनी मजुरी किमान वेतनाच्या आसपास ठेवली. त्या पैशात गोरा कामगार टिकेना, तो दुकानात किंवा गोदामात जाऊ लागला. ब्रेक्झिटनंतर, २०२० अखेर, युरोपातून सहज येणारे कामगारही थांबले. २०२१-२२ मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये या क्षेत्रात दीड लाखाहून अधिक जागा रिकाम्या होत्या.

मजुरी वाढवली असती तर जागा भरल्या असत्या. सरकारने दुसरा रस्ता धरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करचे काम टंचाईच्या कामांच्या यादीत टाकले आणि परदेशातून माणसे आणायची मुभा दिली. २०२३ या एका वर्षात हेल्थ अँड केअर वर्करचे सुमारे १ लाख ४६ हजार व्हिसा मुख्य अर्जदारांना दिले गेले. त्यांत भारतीय सर्वांत पुढच्या देशांमध्ये होते. आपल्याकडच्या एजंटांचा सुगीचा काळ तो हाच.

पुढे तिथल्या राजकारणात स्थलांतराविरुद्ध ओरड वाढली. ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करला नवरा, बायको, मुले सोबत आणायला बंदी झाली. त्या वर्षी या व्हिसांची संख्या सुमारे २७ हजारांवर घसरली. २२ जुलै २०२५ पासून तर केअर वर्करची परदेशातून नवी भरतीच बंद झाली. त्याच दिवशी स्किल्ड वर्कर व्हिसासाठी साधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड झाली आणि कामाची पातळी पदवीच्या तोडीची असावी, असा नियम आला. तरीही केअर वर्करच्या नावाने पैसे मागणारे संपलेले नाहीत. भारतात बसलेला जो कोणी आज 'केअर होममध्ये थेट नोकरी' देऊ करतो, तो बंद दाराचे तिकीट विकतो आहे.

तिथल्या म्हाताऱ्यांची गरज काही २२ जुलैला संपली नाही. संपली ती आपल्याला आत घेण्याची इच्छा. ज्या यादीत सरकार आज नाव घालते आणि उद्या काढते, तिच्या भरवशावर घरातले दागिने मोडायचे नसतात.

साठ दिवसांचे वतन

आता मुख्य मुद्दा. हा व्हिसा माणसाच्या कौशल्याला मिळत नाही, मालकाच्या स्पॉन्सरशिपला मिळतो. मालकाकडे सरकारी परवाना असतो, तो 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' देतो आणि त्यावर तुमचा तिथला मुक्काम अवलंबून असतो. नोकरी सुटली किंवा मालकाचा परवाना गेला, तर सरकार सामान्यतः ६० दिवसांची मुदत देते. तेवढ्यात दुसरा परवानाधारक मालक शोधा, नाहीतर देश सोडा. या काळात सरकारी मदतीवरही हक्क नाही.

अशा माणसाला मालकाने जादा तास राबवले, पगार कापला, एका खोलीत चौघे कोंबले, तर तो तक्रार कुठे करणार? तक्रार केली तर मालकाचा परवाना जाणार आणि परवाना गेला की पहिली कुऱ्हाड तक्रार करणाऱ्याच्याच पायावर पडणार. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटिश सरकारने केअर क्षेत्रातले ४७० हून अधिक परवाने रद्द केले. त्या मालकांशी ३९ हजारांहून अधिक कामगार जोडलेले होते. गुन्हा मालकाचा आणि नोकरी शोधत वणवण करायची कामगाराने, असा हा न्याय.

आम्हाला यात महार वतन दिसते. जमिनीचा एक तुकडा आणि बलुते यांच्या मोबदल्यात वतनदाराने रात्री-अपरात्री सरकारच्या आणि गावाच्या हाकेला धावायचे. काम किती आणि मोल किती याचा हिशेब नाही, सोडून जायची सोय नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते हा फास सैल करण्यासाठी. ते विधेयक तेव्हा तडीला गेले नाही. वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. वतन म्हणजे आपला हक्क, आपला मान, असे समजून त्याला चिकटणारे आपल्यातही होते आणि बाबासाहेबांना त्यांच्याशीही झगडावे लागले.

स्पॉन्सरशिप आणि वतन एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. वतन जन्माने गळ्यात पडत होते, व्हिसा आपण अर्ज करून घेतो. त्याला मुदत असते, मालक बदलता येतो, पगाराला कायदा आहे. पण दोन्हींत एक गाठ सारखी आहे. पोट आणि राहण्याची जागा दोन्ही एकाच हातात असली की माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही तो नोकर नव्हे, वेठबिगार.

त्यात आपली माणसे ही वेठ स्वतः पैसे मोजून विकत घेतात! ब्रिटनच्या १९७३च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज कायद्यानुसार नोकरी शोधून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणे सर्वसाधारणपणे बेकायदा आहे. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटचे शुल्क मालकाने भरायचे असते. भारतात १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली एजंटाची नोंदणी बंधनकारक आहे आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. मग लाखांत बोली लागते ती कशाची? जी वस्तू कायद्याने विकताच येत नाही, तिची.

जात विमानातून उतरत नाही

'तिथे जात नाही, फक्त मेरिट आहे' हे वाक्य आपण सवर्ण मित्रांकडून ऐकतो आणि आपलेही काही जण आता म्हणू लागले आहेत. त्यांनी परमिला तिर्की यांचा खटला वाचावा. बिहारमधल्या आदिवासी समाजातल्या या बाईंना मूळच्या भारतीय असलेल्या एका कुटुंबाने घरकामासाठी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स इथे नेले. चार वर्षांहून अधिक काळ त्यांना तासाला सुमारे ११ पेन्स एवढ्यावर राबवले. दिवसाला अठरा तास काम, आठवड्याचे सातही दिवस, झोपायला जमिनीवर गादी. २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायाधिकरणाने जातीचा भेदभाव वंशभेदाच्या व्याख्येत बसू शकतो असा निर्णय दिला. २०१५ मध्ये त्यांना किमान वेतनाच्या थकबाकीपोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला.

त्यांनाही नोकरी मिळालीच होती. कागदपत्रे होती, व्हिसा होता. मालक आपलाच देशवासी होता आणि त्याने आपल्याकडची जात सोबत नेली होती.

ब्रिटनच्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करावा, अशी तरतूद तिथल्या संसदेने २०१३ मध्ये केली. तिथल्या काही हिंदू संघटनांनी त्याविरुद्ध जोर लावला. २०१८ मध्ये सरकारने हात झटकले आणि तिर्की खटल्याचा निर्णय पुरेसा आहे असे सांगितले. म्हणजे प्रत्येक पीडिताने स्वतः न्यायाधिकरणापर्यंत जाऊन आपली जात सिद्ध करायची. साठ दिवसांच्या टांगत्या तलवारीखाली असलेला कामगार हे कधी करणार?

'बाबासाहेब म्हणाले होते, गाव सोडा'

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. बाबासाहेबांनीच गाव सोडायला सांगितले होते. गावात जोहार घालण्यापेक्षा लंडनमध्ये म्हाताऱ्याची सेवा केलेली काय वाईट? निदान पौंड तरी मिळतात, पोरे शिकतात.

यातले अर्धे आम्हाला मान्य आहे. म्हाताऱ्याची सेवा हे हलके काम नाही. हलके आहे ते तिला दिलेले मोल. जे कुटुंब अशा नोकरीवर उभे राहिले, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही, आम्हालाही नाही. पण गाव सोडायचे ते बंधनातून सुटण्यासाठी, एका बंधनातून दुसऱ्यात जाण्यासाठी नव्हे. बाबासाहेबांची १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला. करारामुळे बडोद्याच्या नोकरीत जावे लागले. तिथे राहायला जागा मिळेना, अपमान सोसवेना. त्यांनी ती नोकरी सोडली. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० मध्ये लंडनला परतले. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्या सगळ्या प्रवासात 'तातडी' कुठेच नव्हती.

मग करायचे काय?

ज्याला जायचे आहे त्याने जरूर जावे, पण डोळे उघडे ठेवून. नर्स, डॉक्टर, अभियंते, समाजकार्यकर्ते, गणित-विज्ञानाचे शिक्षक यांना तिथे अजून वाट आहे, जरी ती पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही. नर्सला एनएमसीची नोंदणी लागते. त्यासाठी आयईएलटीएस किंवा ओईटी, मग सीबीटी परीक्षा आणि शेवटी प्रात्यक्षिक म्हणजे ऑस्की. हे महिनाभरात होत नाही. जो होईल म्हणतो तो खोटे बोलतो. एमएससीसाठी कर्ज काढणाऱ्यांनीही हिशेब मांडावा. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारी दोन वर्षे १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दीड वर्षावर येत आहेत.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहा. मालकाचे नाव ब्रिटिश सरकारच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का? ती यादी सर्वांना मोफत पाहता येते. एजंटाची नोंदणी ईमायग्रेट पोर्टलवर आहे का? आणि पगार, तास, राहण्याचा खर्च करारात लिहिलेला आहे का? तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात युनिसनसारख्या कामगार संघटनेचे सभासद व्हा. संघटित व्हा, हा उपदेश विमानतळावर ठेवून जायचा नाही.

पण सगळा भार एकट्या उमेदवारावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. बार्टी आणि समाजकल्याण विभागाने स्पर्धा परीक्षांसारखेच ओईटी, आयईएलटीएस आणि परदेशी नोंदणीच्या परीक्षांचे मोफत वर्ग जिल्ह्याजिल्ह्यात सुरू करावेत. परदेशी नोकरीचा करार तपासून देणारा कक्ष प्रत्येक सामाजिक न्याय भवनात असावा. जादा पैसे उकळणाऱ्या एजंटांवर गुन्हे दाखल व्हावेत. ब्रिटनमधल्या आंबेडकरी संघटनांनी बाबासाहेबांच्या लंडनमधल्या घराला भेट देणाऱ्यांचे स्वागत जरूर करावे, पण साठ दिवसांत अडकलेल्या आपल्या माणसाला राहायला खोली आणि बोलायला वकील मिळवून देणे हेही जयंतीइतकेच महत्त्वाचे काम समजावे. आणि व्हिसा एका मालकाला न बांधता संपूर्ण क्षेत्राला जोडावा, ही तिथल्या कामगार चळवळीची मागणी आपणही आपली मानली पाहिजे.

वतन आपल्या आज्या-पणज्यांनी सोडले, कारण बाबासाहेबांनी त्यांना त्यातला फास दाखवला. आज फासाचा कागद इंग्रजीत आहे, एवढाच फरक. तो सही करण्याआधी वाचा आणि गल्लीतल्या दुसऱ्यालाही वाचून दाखवा.

जयभीम!