थांबलेली गाडी आणि आपला उतावीळपणा

लंडनच्या भुयारी रेल्वेत गाडी दारं उघडी ठेवून उभी राहते. चालक सांगतो, गाड्यांमधलं अंतर सारखं करायला थांबलो आहोत. लगेच डब्यात कुरकुर सुरू होते: "मागची गाडी लेट, त्याची शिक्षा आम्हाला का?" मीही हेच म्हणायचो. आज म्हणतो, हा प्रश्न स्वार्थी आहे.

विचार करा. मागची गाडी रखडली की पुढच्या स्टेशनांवर तिच्यासाठी गर्दी साचते. चढ-उताराला वेळ लागतो, ती आणखी रखडते. आपली मात्र मोकळी धावते. आपण दोन मिनिटं थांबलो, तर त्या गर्दीतले काही जण आपल्या गाडीत येतात आणि मागची गाडी सावरते.

सर्कल लाइन पाहा. २००९पर्यंत ती बंद वर्तुळात फिरायची. शेवटचं स्टेशनच नाही, मग झालेला उशीर भरून काढणार कुठे? त्या डिसेंबरात वर्तुळ तोडून हॅमरस्मिथ आणि एजवेअर रोड ही टोकं दिली. थांबायला जागा ठेवावीच लागते.

सार्वजनिक सेवा ही आधी चढलेल्यांची जहागीर नाही. पुढच्या फलाटावर बाबागाडी घेऊन उभी असलेली आई, पाळी संपवून घरी निघालेला कामगार, यांचाही तिच्यावर तेवढाच हक्क आहे. थांबण्याचं कारण जरूर विचारा. ते प्रवाशांना सांगितलंच पाहिजे. पण कारण न्याय्य असेल, तर चडफडू नका. आज आपण थांबतो. उद्या आपल्यासाठी कुणीतरी थांबलेलं असेल.