हंडी एकाच्या हाती, थर सगळ्यांचे

पारनेर तालुक्यातल्या सुप्याच्या एमआयडीसीत जपानी उद्योगांसाठी खास पट्टा आहे. आपल्या कॉलेजांतल्या रोबोटिक्सचा धागाही जपानपर्यंत पोहोचतो. आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची ‘एबीयू रोबोकॉन’ स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ आणि २०१४ मध्ये ती पुण्यात भरली. २००८चा विषय तर चक्क दहीहंडीवर बेतलेला होता!

हंडी फोडणारा एकच असतो, पण खालचा थर हलला की तोही खाली येतो. आता आपल्या टीमकडे बघा. ग्रुपवर पंचवीस नावं, टेबलाशी मात्र तेच चौघं. बाकीचे चहा आणतात, रील काढतात. मुलींच्या वाट्याला बऱ्याचदा प्रेझेंटेशन येतं. यात कुणी दुष्ट नसतं. तारीख जवळ आलेली असते आणि ज्याला जमतं तो म्हणतो, ‘‘दे इकडे, मी करतो.’’ त्या रात्री काम होतं. पण पुढच्या जूनमध्ये सीनियर बाहेर पडतात आणि कपाटात रोबो उरतो, ज्याची कुठली वायर कुठे जाते हे कुणालाच ठाऊक नसतं. मग पुन्हा शून्यापासून सुरुवात.

यावर उपाय आहेत, तेही बिनखर्चाचे. प्रत्येक कामाला दोघं ठेवा: एक जाणता, एक शिकणारा. सोल्डरिंग गन शिकणाऱ्याच्या हातात द्या, जाणत्यानं फक्त बघायचं. चाकं, पकड, सर्किट, कोड असे गट पाडा आणि महिन्यानं माणसं बदला. जुन्या मोटरींचा एक सरावाचा रोबो ठेवा. तो मोडला तरी चालेल. काय जळलं, का जळलं, हे वहीत लिहा. मीटिंगमध्ये आधी ज्युनियरला बोलू द्या.

‘यानं वेग कमी होतो’ असं कुणी म्हणेल. होतोच. म्हणून शेवटचे पंधरा दिवस ज्याला जे उत्तम जमतं ते त्यानं करावं. शिकणं त्याआधीच्या महिन्यांत.

आणि गप्प बसणाऱ्यांनो, तुम्हीही काम मागून घ्या. उद्या सुप्यात नाहीतर चाकणला मुलाखतीत सर्टिफिकेट बाजूला सारून विचारतील, ‘‘यात तू स्वतः काय केलंस?’’ तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी हाताशी हवं.