आवाज वाढला, पण हवा गार झाली का?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या इंजिनावर लिहावे, हे काही मित्रांना वावगे वाटेल. यंत्र हा शास्त्र शाखेचा प्रांत आणि वादविवाद हा आपला, अशी एक सोयीची वाटणी आपण करून टाकली आहे. परंतु स्पोर्ट्स कारच्या शौकिनांत वर्षानुवर्षे चाललेला एक वाद असा आहे की, त्याचा निकाल लावायला अभियांत्रिकीच्या पदवीपेक्षा विवेकाचीच अधिक गरज आहे. इंजिनाला हवा पुरवणारी गाळणी आणि नळी बदलली म्हणजे गाडीची शक्ती वाढते काय, हा तो वाद. माझे मत प्रथमच सांगून टाकते. अशा बदलाने पुष्कळदा वाढतो तो आवाज. शक्ती वाढवायची असेल तर हवा गार ठेवली पाहिजे आणि ती गार राहिली की नाही, हे कानाने नव्हे, तापमापकाने ठरवले पाहिजे.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. खरे पाहता ते पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी अधिक खाते. १ किलो पेट्रोल पूर्णपणे जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबात सांगायचे तर १ लिटर पेट्रोलमागे ९,००० लिटरांहून अधिक हवा इंजिनात ओढली जाते. आता हवा तापली की फुगते आणि विरळ होते, हे आपण शाळेतच शिकलो आहोत. ३० अंश सेल्सिअसची हवा ६० अंशांवर गेली तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. सिलिंडरचा आकार तर ठरलेला. म्हणजे प्रत्येक घोटात प्राणवायू कमी आला. शक्ती नेमकी तितक्याच टक्क्यांनी घटते असे नाही, पण घटते खास. शिवाय ऊन हवेत पेट्रोल अवेळी पेट घेण्याचा धोका वाढतो, म्हणून आजच्या गाड्यांतील संगणक ठिणगी जरा उशिरा टाकतो. त्यानेही जोर कमी होतो.

ही उष्णता येते कुठून? चुलीवरून उतरवलेला तवा बराच वेळ तापलेला राहतो, तसेच इंजिनाचे आहे. जोराने पळवलेली गाडी थांबली की समोरून येणारा वारा बंद होतो आणि बॉनेटखाली कोंडलेली उष्णता भोवतालच्या प्रत्येक धातूत मुरू लागते. इंग्रजीत याला ‘हीट सोक’ म्हणतात. लोणच्यात मीठ मुरावे तशी ही उष्णता मुरते, असे म्हटले तर आपल्याला चटकन उमगेल. सिग्नलला किंवा शर्यतीच्या दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत हे होते आणि नंतर गाडी निघते तेव्हा पहिले काही क्षण इंजिन त्या तापलेल्या नळीतूनच श्वास घेते.

जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची छोटी गाडी याचे चांगले उदाहरण आहे. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली आणि २०१६ पर्यंत अशा १० लाख गाड्या तयार झाल्या. तिच्या पहिल्या पिढीत हवेच्या गाळणीचा डबा आहे तो इंजिनाच्या नेमक्या त्या बाजूला, जिकडे धगधगता एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे. तेथून नळी निघते ती रेडिएटरच्या पाठीमागून, इंजिनाच्या पुढून, पलीकडच्या बाजूला जाते. म्हणजे हवेचा प्रवासच शेकोटीच्या कडेने! अशा वेळी हौशी मालक काय करतो? कारखान्याचा प्लॅस्टिकचा डबा काढून टाकतो, त्याजागी शंकूच्या आकाराची उघडी गाळणी आणि चकचकीत ॲल्युमिनियमची नळी बसवतो. इंजिन आता घोगऱ्या आवाजात गुरगुरू लागते. मालक खूष! पण डबा बंद होता म्हणून निदान तिथे काही आडोसा तरी होता. उघडी गाळणी रेडिएटरमधून आलेली ऊन हवाच ओढते. त्यात ॲल्युमिनियम हे प्लॅस्टिकपेक्षा शेकडो पटींनी अधिक उष्णतावाहक! पैसे मोजून मालकाने बहुधा आवाज आणि उष्णता या दोनच गोष्टी विकत घेतल्या.

याउलट खरा उपाय दिसायला अगदी गबाळा असतो. गाळणी आणि इंजिन यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा उभा करायचा, त्याच्या वरच्या कडेला रबरी पट्टी लावायची, म्हणजे बॉनेट बंद झाल्यावर फट उरत नाही. आणि गाडीच्या नाकातून, रेडिएटरच्या पुढून, एक रुंद नळी त्या कप्प्यात आणून सोडायची. एक्झॉस्टवर उष्णतारोधक आवरण घालायचे. नळी प्लॅस्टिकची असेल तर तशीच राहू द्यायची. यात मिरवण्यासारखे काहीच नाही, म्हणूनच की काय, हा उपाय मागे पडतो.

‘समोरून हवा घेतली की वारा इंजिनात कोंबला जातो’ असाही एक समज आहे. हिशेब करून पाहावा. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. फायदा आहे तो हवेच्या गारव्याचा, तिच्या रेट्याचा नव्हे. अमेरिकेत १९७० च्या शेव्हरले शेव्हेल एसएस गाडीला बॉनेटच्या मागच्या टोकाला, पुढच्या काचेजवळ, झडप बसवून बाहेरची हवा आत घेण्याची सोय मिळत असे. तेथे काचेपाशी वारा दाटतो आणि हवाही बाहेरची असते. त्याच काळातल्या कित्येक गाड्यांच्या बॉनेटवरची रुबाबदार तोंडे मात्र केवळ शोभेची होती. त्यांच्यातून इंजिनापर्यंत वाटच नव्हती!

माझ्या मतावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, गाडी चालू लागली की वाऱ्याने ही उष्णता थोड्याच वेळात उतरते, मग एवढी उठाठेव कशाला? हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. वेगात हवा नळीतून क्षणात निघून जाते, तिला तापायला सवडच नसते. म्हणूनच रोजच्या वापराच्या साध्या गाडीला कारखान्याचा डबाच पुष्कळदा उत्तम, असे मी म्हणते. आडोशाचे महत्त्व शर्यतीच्या मैदानावर आणि टर्बोच्या गाड्यांत. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचा इंटरकूलर तर इंजिनाच्या डोक्यावरच बसलेला असतो. बॉनेटच्या तोंडातून वारा मिळतो तोवर ठीक, थांबली की खालची धग थेट त्याला लागते.

दुसरा आक्षेप असा की, कारखान्यातल्या तज्ज्ञांना हे कळत नव्हते काय? कळत होते. पण त्यांना शक्तीबरोबर इतरही गोष्टी सांभाळायच्या असतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तर थंडीच्या दिवसांत एक्झॉस्टजवळची ऊन हवा मुद्दाम घेत, कारण गार आणि दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. आणि पाण्याचे काय? गार हवेच्या लोभाने नळीचे तोंड बंपरखाली नेले आणि रस्त्यावर पाणी तुंबलेले असले, तर इंजिन पाणीही ओढते. पाणी दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन बाद होते. आपल्या कोकणातला किंवा मुंबईतला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला हे अधिक सांगायला नको.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: बदल जरूर करावा, पण आधी आणि नंतर मोजावे. एक तापमापक बाहेर, एक गाळणीपाशी. ठरलेल्या वेगाला १० मिनिटे चालवून आकडे लिहावेत, मग १० मिनिटे थांबून पुन्हा लिहावेत. दोन्ही तापमानांतला फरक घटला तर बदल यशस्वी. न घटला तर तो कितीही चकचकीत असला तरी काढून टाकावा. याला फारसा खर्च येत नाही, पण आपल्याच हौसेविरुद्ध निकाल ऐकून घेण्याची तयारी लागते, आणि ती बाजारात मिळत नाही.

सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडणाऱ्या मोटारसायकली आपल्या गावांतही काही कमी नाहीत. त्यांच्या स्वारांनाही शक्ती वाढल्यासारखे वाटतच असते. जे वाटते ते आणि जे असते ते यांत फरक करायला शिकणे, हे कला शाखेचेही काम आहे. वर्गात आपण दुसऱ्याच्या विधानाला पुरावा मागतो. तोच प्रश्न आपल्या आवडत्या वस्तूला विचारायला काय हरकत आहे?