नदीकाठची खाट

२६ डिसेंबर हा बाबा आमटे यांचा जन्मदिवस. बाबा म्हटले की आनंदवन आठवते. पण सरदार सरोवर धरणाच्या बुडितात आलेले महाराष्ट्राचे पहिले गाव म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली. तिथून पाहिले की आधी दिसते ती त्यांची खाट. मणक्याच्या विकाराने बाबांचे बसणेच गेले होते. उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. अशा पाठीने, पंचाहत्तरी उलटल्यावर, १९९० साली ते आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला राजघाटाहून या धरणाविरोधात संघर्ष यात्रा निघाली, तिच्यात ते होते. दुसऱ्याच दिवशी त्यांना ७६ वर्षे पूर्ण झाली. गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला यात्रा अडवली गेली, तेव्हा थंडीतल्या त्या मुक्कामातही ते होते. ज्याला सेवेची गरज होती, त्याचीच खोऱ्याला गरज होती.

वृद्धाश्रमांत आणि शुश्रूषा केंद्रांत अंथरुणाला खिळलेल्या किती जणांची अशी कुणाला गरज भासते? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, वेळेवर भरवणे, हे करणाऱ्या मावशींचे पाय धरावेत इतके ते काम मोलाचे आहे. पण खाट खिडकीशी हवी की दाराशी, अंघोळ सकाळी की उन्हं चढल्यावर, एवढेही त्या माणसाला विचारायचे राहून जाते. घर सोडायचे का, हे तर त्याआधीच इतरांनी ठरवलेले असते, ‘तुमच्या भल्यासाठीच’ म्हणून. घर सोडायला लावणारी ही भाषा मणिबेलीच्या ओळखीची आहे. पाणी दाराशी येत असताना त्या गावाने तिला नकार दिला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे पाचवे कलमही हेच सांगते: समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती नाही.

सातपुड्याच्या पाड्यांवर अपंग म्हाताऱ्यांची खाट ओसरीतच असते. माणसे भोवती असतात, ही तिथली श्रीमंती. नसतो तो अपंगत्वाचा दाखला. आणि दाखल्यावाचून सवलती नाहीत. त्यासाठी न चालणाऱ्या माणसाने डोंगर उतरून जिल्ह्याच्या ठिकाणी यावे, अशी अपेक्षा असते. पस्तीसेक वर्षांपूर्वी एक अख्खी यात्रा बाबांची खाट सोबत घेऊन निघाली होती. तपासणारा डॉक्टर होडीत बसून मणिबेलीला का येऊ नये?