उपरोधाचे अभयपत्र

फिनलंडच्या उत्तर भागातील, म्हणजे लॅपलंडविषयीच्या, साहित्याची चर्चा करताना एक युक्तिवाद फार सहजपणे पुढे केला जातो. अरण्य, एकाकी पुरुष आणि आदिम स्त्री या रूढप्रतिमा कादंबरीत आल्या तरी त्या औपरोधिक स्वरात येतात, सबब त्यांचे खंडनच झालेले असते, असा हा युक्तिवाद. तो मला मान्य नाही. उपरोध रूढप्रतिमेला जसा तडा देतो, तसाच तिला आश्रयही देतो. तो कोणावर रोखलेला आहे आणि कोणाच्या मुखातून येतो हे न तपासता त्याला अभयपत्र देणे म्हणजे समीक्षेने आपले काम टाळणे होय.

या प्रतिमांना पूर्वेतिहास आहे. १८४९ मध्ये विस्तारित रूपात प्रसिद्ध झालेल्या 'कालेवाला'त लोउही ही उत्तरभूमीची स्वामिनी आहे. महाकाव्याचे वीर तिच्याकडे वधू मागायला जातात आणि पुढे समृद्धी देणारा सांपोही पळवतात. उत्तर ही सामर्थ्यवान, भयप्रद आणि म्हणूनच जिंकण्याजोगी स्त्री होय, या कल्पनेला असे प्रतिष्ठित रूप मिळाले. दुसरी कल्पना निर्मनुष्यतेची. 'एरॅमा' हा फिन्निश शब्द आज ओसाड अरण्यभूमीचा वाचक झाला असला, तरी पूर्वी तो दूरच्या गावांच्या वहिवाटीतील शिकारक्षेत्रांना लावला जाई. वापरातल्या भूमीला रिकामी ठरवल्यावरच ती पुरुषाच्या मुक्तीचे रंगस्थळ होऊ शकली.

आर्तो पासिलिन्ना यांची 'सशाचे वर्ष' (१९७५) ही कादंबरी या संदर्भात पाहण्यासारखी आहे. वातानेन हा पत्रकार मोटारीच्या धक्क्याने जखमी झालेल्या सशाला उचलतो, नोकरी व बायको सोडतो आणि भटकत भटकत लॅपलंडला पोचतो. नोकरशाही, लष्कर, पाद्री यांची कादंबरी यथेच्छ टर उडवते. वातानेन स्वतःही अनेकदा हास्यास्पद ठरतो, हा तिच्या समर्थकांचा मुद्दा खराच आहे. परंतु नायकाला हसणे वेगळे आणि नायकाच्या गृहीतकाला हसणे वेगळे. त्याची पत्नी शहरी असमाधानाचे मूर्त रूप म्हणून येते. तिच्या बाजूने हे प्रस्थान कसे दिसते, हे विचारायला कथनात जागाच नाही. घर टाकून रानात जाण्याचा अधिकार पुरुषाचा, हे गृहीतक एवढ्या विनोदातूनही सुखरूप बाहेर पडते.

इथे भाषेची एक बाब ध्यानी घ्यावी. फिन्निशमध्ये 'तो' आणि 'ती' या दोहोंसाठी 'हॅन' हे एकच सर्वनाम आहे. क्रियापदातच लिंग वाचण्याची सवय असलेल्या मराठी अभ्यासकाला त्या भाषेतील लिंगभाव कथनातील स्थानांवरून शोधावा लागेल: कोण निघून जाते, कोण मागे राहते आणि बोलण्याची मुभा कोणाला मिळते.

रोसा लिक्सोम यांनी 'कर्नलची बायको' (२०१७) या कादंबरीत ही मुभा एका वृद्धेला दिली आहे. लॅपलंडच्या बोलीत, एका रात्रीत, ती आपले आयुष्य सांगते: नाझी जर्मनीची भूल, वयाने बऱ्याच मोठ्या लष्करी अधिकाऱ्याशी संसार, त्याची अमानुष मारहाण आणि पुढे वयाने खूपच लहान मुलाशी जडलेले नाते. अरण्यावर तिचे उत्कट प्रेम आहे. ते प्रेम आणि फॅसिझमचे आकर्षण ती एकाच रसाळ बोलीत सांगते, आणि उपरोधाची धार तिथेच आहे. निसर्गाच्या सान्निध्यात माणूस निष्पाप होतो, हा दिलासा वाचकाला मिळत नाही. तिला 'निसर्गकन्या' म्हणणारे जुने वाचन इथे कोसळते. तिला केवळ पीडिता मानून अरण्यात तिचा उद्धार पाहणारे वाचनही टिकत नाही. हे मी स्त्रीवादी समीक्षेच्या आत उभी राहूनच म्हणते. स्त्रीला अपराधाची क्षमता नाकारणे हीही तिची रूढप्रतिमाच होय.

मात्र फिन्निश लेखकाचा उपरोध, मग तो पुरुषाचा असो वा स्त्रीचा, सामी लोकांच्या वतीने बोलू शकत नाही. १९९१ मध्ये कायद्याने लॅपलंडमध्ये बारा अरण्यक्षेत्रे निश्चित झाली. सामी संस्कृतीचे रक्षण हा त्या कायद्याचा एक घोषित हेतू आहे. तरीही भूमीचे नाव 'अरण्य' हेच राहिले. त्याच वर्षी नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार सामी कवी नील्स-आस्लाक वाल्केआपॅ यांना मिळाला. त्यांच्या कवितेत तीच उत्तर घर आहे. तिथे रेनडिअरांचे कळप आहेत, पूर्वजांच्या वाटा आहेत. जिथे कोणी राहत आले आहे तिथे 'एकाकी पुरुष' ही प्रतिमा उपरोधाने नेमकी कशी सुधारणार?

तेव्हा 'संहितेत उपरोध आहे' हे विधान निष्कर्ष म्हणून स्वीकारू नये. तिथून प्रश्न सुरू होतात. रानात जाणाऱ्याला हसून झाल्यावर रान कोणाचे ठरले आणि चुलीपाशी कोण उरले, याचे उत्तर समीक्षकाने द्यावे.